कासच्या पुस्तिकेतलं इटॅलिक : कामाच्या नोंदी

३ जून

नवं काम. साताऱ्यातल्या एका निसर्गप्रेमी मंडळाची खिशात मावेल अशी पुस्तिका, कास पठारावरच्या पावसाळी फुलांची. ८० पानं, चार रंग, साठ फुलं. मजकूर मराठीत, आणि प्रत्येक फुलाखाली त्याचं शास्त्रीय नाव रोमन लिपीत. पठार सप्टेंबरात भरतं, त्यामुळे ऑगस्ट संपायच्या आत गठ्ठे हातात हवेत. मजकूर लिहिणाऱ्या मॅडम वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. पहिल्याच फोनवर म्हणाल्या, "फोटो थोडा इकडेतिकडे झाला तर चालेल, नाव चुकलेलं चालणार नाही."

मंडळाचे सचिव भेटायला आले ते भाचीची लग्नपत्रिका घेऊन. वर-वधूची नावं इंग्रजीत, सोनेरी फॉइलमध्ये, बारीक आणि डौलदार तिरक्या अक्षरांत. "फुलांची नावं अशी दिसली पाहिजेत," म्हणाले. अक्षर ओळखीचं होतं : कॉर्मोरंट या फॉन्टचं इटॅलिक. हल्ली अर्ध्या पत्रिका, केकच्या दुकानांच्या पाट्या आणि साड्यांच्या ब्रँडचे लोगो याच अक्षरात असतात. फुकट मिळतं आणि श्रीमंत दिसतं, मग कोण सोडतो!

५ जून

कॉर्मोरंट उघडून बसलो. ख्रिश्चन थालमान या स्विस डिझायनरने क्लोद गारामों या फ्रेंच अक्षरकोरक्याच्या सोळाव्या शतकातल्या अक्षरांवरून प्रेरणा घेऊन ते केलं आणि २०१५ च्या सुमाराला सर्वांसाठी खुलं केलं. गारामोंची नक्कल नाही ती. मोठ्या आकारात बघायचं अक्षर म्हणूनच ते घडवलंय. सेरिफ, म्हणजे दांड्यांच्या टोकांना फुटलेले छोटे पाय, काट्यासारखे टोकदार, छोट्या अक्षरांची उंची अगदी कमी, वर जाणारे दांडे लांबलचक, आणि ए-ई यांची पोटं एवढीशी की सुईचं नेढं आठवावं.

४८ पॉइंटला ‘स्ट्रोबिलॅन्थस’ टाईप करून बघितलं, म्हणजे आपली कारवी. खरंच देखणं. ९ पॉइंटवर आणलं, तर झुरळाची मिशी.

सचिवांना हे आत्ताच सांगून उपयोग नाही. छापून दाखवावं लागेल.

९ जून

मजकुराची फाईल आली. मॅडमनी हाताने लिहिलेलं कुणीतरी तरुण कार्यकर्त्याने वर्डमध्ये टाईप केलंय. शास्त्रीय नावं तिरकी असतात एवढं त्याने ऐकलेलं, त्यामुळे त्याने नावाची अख्खी ओळच निवडून कंट्रोल-आय दाबलंय. इंग्रजीबरोबर मराठीही आडवी. सोनकी, तेरडा, वायतुरा, सगळी फुलं वाऱ्याने एका बाजूला कललेली.

पोराचा दोष नाही. बटण आहे, दाबलं की काहीतरी होतं, म्हणजे ते असणारच असं कुणालाही वाटेल. पण होतं काय, तर संगणक उभं अक्षर धरून ढकलतो. ‘तेरडा’मधला त घ्या. त्याचा काना तिरपा झाला, शिरोरेघ मात्र आडवीच राहिली, म्हणजे काटकोनात बसलेला सांधा निखळला. देवनागरीचा जाड-बारीकपणा तिरक्या कापलेल्या बोरूतून आलेला आहे. कुठे दाब, कुठे निमुळतं, हे त्या बोरूच्या कोनाने ठरलं. अक्षर ढकललं की जाडी भलत्याच जागी सरकते आणि गोलाईला पोक येतं. तिरक्या देवनागरीचे तयार फॉन्टही मिळतात, त्यांत हे दोष हाताने निस्तरलेले असतात. तरी वळण तेच, फक्त कललेलं.

रोमनचं इटॅलिक हे कललेलं उभं अक्षर नव्हेच. तो दुसरा हात आहे. इटॅलिकमध्ये छोटा ए आपली वरची छत्री टाकून एकमजली होतो. छोटा एफ रेषेखाली शेपूट सोडतो. एम-एन यांच्या कमानी खांद्यापासून न फुटता खालून वर चढतात, कारण लिहिणाऱ्याने लेखणी उचललेलीच नसते. उभं अक्षर एकेक दगड बसवल्यासारखं, इटॅलिक धावत लिहिल्यासारखं. आपल्याकडे हे नातं शोधायचं तर देवनागरी आणि मोडी आठवावी. मोडीतही आधी पानभर रेघ ओढून घ्यायची आणि मग त्या रेघेखाली न थांबता लिहीत सुटायचं. फक्त मोडी वेगळी लिपी म्हणून नांदली, देवनागरी मजकुरात एखाद्या शब्दापुरती पाहुणी म्हणून कधी आली नाही. इटॅलिक तसं आलं, आणि राहिलं.

सगळ्या मराठी ओळी सरळ केल्या. दोन तास.

१२ जून

मॅडमच्या घरी. टेबलावर भिंग, वाळवलेल्या नमुन्यांचे कागद आणि चहा. नावं कशी छापायची याचे नियम त्यांच्याकडून नीट लिहून घेतले :

प्रजातीचं नाव आणि त्यापुढचं जातीचं नाव इटॅलिकमध्ये. पहिल्याचं पहिलं अक्षर मोठं, दुसरं नाव पूर्ण छोट्या अक्षरांत, मग ते माणसावरून पडलेलं असो की गावावरून. त्यामुळे वायतुऱ्याच्या ‘ॲपोनोजेटन सातारेन्सिस’मध्ये साताऱ्याचा एस छोटाच. (सचिवांना हे मुळीच पटलेलं नाही. गावाचा अपमान वाटतो.) ज्याने नाव दिलं त्या शास्त्रज्ञाचं नाव मात्र उभ्या अक्षरात. ‘व्हार.’ (व्हरायटी, म्हणजे वाण) वगैरे संक्षेपही उभेच.

मी विचारलं, हे इटॅलिक कायद्याने सक्तीचं आहे का? मॅडम हसल्या. वनस्पतींच्या नावांची जी आंतरराष्ट्रीय संहिता आहे ती स्वतः सगळी शास्त्रीय नावं इटॅलिकमध्ये छापते, पण छपाईचं वळण हा संपादकीय रिवाजाचा भाग आहे, त्यावर सक्ती नाही, असंही तीच सांगते. थोडक्यात, कुंकवासारखं : कायदा नाही, पण लावलं नाही तर चारचौघी विचारतात.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला माहीत नव्हती. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ च्या ‘स्पीशीज प्लांटारम’मध्ये प्रत्येक वनस्पतीचं खरं नाव म्हणून लॅटिनमधलं लांबलचक वर्णनच दिलं होतं. आज आपण वापरतो ते एका शब्दाचं जातीनाव त्याने शेजारी समासात छापलं, सोयीपुरतं. आणि ते इटॅलिकमध्ये. वर्णनं गेली, समासातला शब्द राहिला.

१६ जून

देवनागरीसाठी तिरो देवनागरी मराठी पक्कं केलं. मराठी वळणाचे ल आणि श त्यात मुळातच आहेत, हिंदी ल उपटून मराठी ल लावत बसायला नको. ठळक वजन या कुटुंबात नाही, त्यामुळे फुलाचं मराठी नाव आकाराने मोठं करून वेगळं काढेन. १५ पॉइंट, खाली मजकूर १०.५.

रोमनसाठी दोन उमेदवार : कॉर्मोरंट, आणि ईबी गॅरमॉन्ड (गॅरमॉन्ड म्हणजे तेच गारामों). दुसऱ्याच्या नावातली ईबी ही अक्षरं एगेनोल्फ-बेर्नर यांची. त्यांच्या फ्रँकफुर्टच्या टंकशाळेने १५९२ मध्ये अक्षरांचा एक नमुना-कागद छापला, त्यावरून गेओर्ग डुफनर यांनी हा फॉन्ट केला. त्या कागदावर उभी अक्षरं गारामोंची आणि इटॅलिक रोबेर ग्रांजोंचं. म्हणजे आपण ज्याला गॅरमॉन्ड इटॅलिक म्हणून डोक्यावर घेतो ते बरेचदा गारामोंचं नसतंच. लग्न एकाचं, वरातीत नाचतोय दुसरा.

ग्रांजोंच्या इटॅलिकला हालचाल आहे. सगळी अक्षरं एकाच कोनात शिस्तीने झुकलेली नाहीत, थोडी पुढेमागे. एखाद्या ओळीत हे कळत नाही, पण पान बघितलं की ते जिवंत वाटतं.

१९ जून

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आराखडा. पहिलीच अडचण उंचीची. देवनागरी अक्षराचं अंग भरगच्च, शिरोरेघेपासून पायापर्यंत. त्याच्या शेजारी गॅरमॉन्ड घराण्यातलं कुठलंही अक्षर ठेवा, त्याच्या छोट्या अक्षरांची उंची एवढी कमी की तो शब्द ओळीत बसलेला न वाटता पडलेला वाटतो. १०.५ च्या देवनागरीसोबत ईबी गॅरमॉन्ड १२ पर्यंत चढवलं तेव्हा कुठे डोळ्याला समसमान वाटलं. कॉर्मोरंट १३ वर नेलं तरी कुरकुरत होतं, आणि १३ वर त्याचे वरचे दांडे शेजारच्या वेलांट्यांपेक्षा उंच.

दुसरी अडचण, ओळींतलं अंतर. ‘फोलिया’ने संपणारी नावं बरीच आहेत. लॅटिनमध्ये फोलिया म्हणजे पानं, आणि कशासारखी पानं ते आधी येतं. त्या एफची शेपूट रेषेखाली उतरते आणि खालच्या ओळीतल्या रफाराला, अनुस्वाराला जाऊन टेकते. एका पानावर तर शेपूट बरोब्बर ‘वर्षा’च्या रफारात अडकलेली, गळाला मासा लागावा तशी. अंतर १४ वरून १५.५ केलं. चार पानं वाढली असती, मॅडमकडून प्रस्तावनेतले दोन परिच्छेद मागून कापले.

२४ जून

नावांवर आपोआप इटॅलिक लागावं म्हणून ग्रेप स्टाईल लिहिली : रोमन अक्षर दिसलं की इटॅलिक लाव. लागलं. शास्त्रज्ञांच्या नावांनाही लागलं, प्रस्तावनेतल्या युनेस्कोलाही लागलं. मग नियम सुधारला, अपवाद घातले, अपवादांचे अपवाद घातले. शेवटी साठ नावं हातानेच केली. पाऊण तास लागला. नियम लिहिण्यात दीड गेला होता.

विरामचिन्हांचं आत्ताच ठरवून टाकतो : नावानंतर येणारा स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस हे मराठी वाक्याचे, ते उभेच राहतील. नाव संपलं की इटॅलिक संपलं.

२८ जून

मंडळाच्या बैठकीत पडद्यावर पानं दाखवली. सगळे खूश, पण नावं ‘जरा हिरवी’ करा म्हणाले. पानाचा विषय, पानाचा रंग. मी म्हटलं, बारीक अक्षर रंगीत नको. म्हणाले, पडद्यावर तर किती गोड दिसतंय. आणि सचिव अजूनही पत्रिकेवरच अडलेले : कॉर्मोरंटच हवं.

वाद न घालता प्रेसच्या काकांना फोन. त्यांच्याकडे परवा कुठल्याशा सोसायटीच्या अहवालाचं कव्हर छापायला लागणार आहे, आमच्याच कागदावर, १३० जीएसएम मॅट आर्ट. त्या प्लेटच्या कडेला कापून जाणाऱ्या जागेत माझी एक पट्टी टाकायला तयार झाले. पट्टीवर दहा नावं, दोन्ही फॉन्टांत, हिरवी आणि काळी.

१ जुलै

पट्टी आली. काकांच्या टेबलावर भिंगाखाली बघितली.

यातलं एक नाव इथे तपशिलात लिहून ठेवतो. तेरड्याची एक जात, इम्पेशन्स लॉई. हे ‘लॉई’ रोमनमध्ये लिहिताना एल, ए, डब्ल्यू आणि मग छोट्या आयची जोडी. माणसाच्या नावावरून जातीनाव करताना लॅटिनच्या नियमाने शेवटी बरेचदा अशी आयची जोडी येते. गेंदाच्या सेज्विकीतही तीच.

आता इटॅलिकमधला आय बघा. त्याला आत येणारी एक बारीक रेघ असते आणि बाहेर जाणारी एक. दोन आय शेजारी आले की पहिल्याची बाहेर जाणारी रेघ दुसऱ्याला जाऊन मिळते. इटॅलिकमधला यू नेमका असाच असतो : दोन दांडे आणि मधली जोडरेघ. फरक काय तो डोक्यावरच्या दोन टिंबांचा.

आणि हिरव्या रंगात ती टिंबंच गेली. फिका हिरवा म्हणजे निळ्या आणि पिवळ्या शाईचे ठिपके. अखंड रंग नाहीच तो, जाळी. कॉर्मोरंटच्या आयचं टिंब एवढं लहान की जाळीच्या दोन ठिपक्यांच्या मधे पडलं तर उमटतच नाही. ‘लॉई’च्या पहिल्या आयवर धुरकट डाग होता, दुसऱ्यावर काहीच नाही. वाचायला गेलं तर सरळ ‘लॉऊ’. त्यात निळी प्लेट केसभर सरकलेली, म्हणून प्रत्येक अक्षराला पिवळी किनार.

काका म्हणाले, "पिवळं-निळं जुळवून देतो हो, पण टिंब कुठनं आणू?"

काळ्यात कॉर्मोरंटची टिंबं आली होती, पण बारीक रेघा काही ठिकाणी तुटक. काळ्यातलं ईबी गॅरमॉन्ड स्वच्छ.

३ जुलै

पट्टी घेऊन मॅडमकडे. त्यांनी भिंग लावलं, "हे काय, लॉऊ?" म्हणाल्या, आणि सचिवांना तिथूनच फोन लावला. हिरवा रंग बाद. संभाषण एकतर्फी होतं.

तोडगा असा ठरला : आत सगळी नावं ईबी गॅरमॉन्ड इटॅलिकमध्ये, शंभर टक्के काळी, दुसऱ्या कुठल्याही शाईची भेसळ नाही. कॉर्मोरंट जाईल मुखपृष्ठावर आणि चार विभागांच्या सुरुवातीच्या पानांवर, ४० पॉइंटच्या वर. तिथे त्याची नजाकत दिसेल, आणि ते घडवलंही त्याचसाठी. फोटोवर पांढऱ्यात अक्षर उठवायचं असेल तर तिथेही मोठं आणि मध्यम वजनाचंच, नाहीतर चारी बाजूंची शाई बारीक रेघेत शिरते आणि ती बुजते.

सचिव राजी झाले. मुखपृष्ठ पत्रिकेसारखं झालं की त्यांना बाकी काही नको.

८ जुलै

मॅडमशी भांडण, गोड.

तेरड्याच्या त्या नावापुढे शास्त्रज्ञांची नावं येतात : ‘हूक. एफ. अँड थॉमसन’. यातला एफ म्हणजे लॅटिनमधला फिलियस, मुलगा. थोरले हूकरही वनस्पतिशास्त्रज्ञ, म्हणून जोसेफ डाल्टन हूकरच्या नावाला कायमचं ‘चिरंजीव’ चिकटलंय. पण भांडण त्यावरून नाही, ‘अँड’च्या चिन्हावरून. उभ्या अक्षरातलं ते चिन्ह आपल्या नेहमीचं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं. इटॅलिकमधलं मात्र बघत राहावं असं असतं, कारण त्यात मूळ लॅटिन शब्दाची ‘ई’ आणि ‘टी’ ही दोन अक्षरं एकमेकांत गुंतलेली अजून दिसतात. लॅटिनमध्ये एट म्हणजे ‘आणि’. पुष्कळ जुने छापखानेवाले उभ्या मजकुरातही मुद्दाम इटॅलिकचं चिन्ह वापरायचे. मीही वापरलं.

मॅडम : "शास्त्रज्ञांची नावं उभी."

मी : "नावं उभीच आहेत. मधलं ‘आणि’ तेवढं तिरकं."

मॅडम : "हूकर आणि थॉमसनच्या मधे उभं असेल तेही त्यांचंच."

काढलं. एक चिन्ह मात्र मुखपृष्ठावर वाचवलं, मंडळाच्या इंग्रजी नावात. तिथे ते ६० पॉइंटचं आहे.

१५ जुलै

विभागांची पानं. ईबी गॅरमॉन्डच्या इटॅलिकमध्ये शेपट्या-झुपके असलेली सजावटी मोठी अक्षरंही आहेत. ती आतल्या नावांना लावून बघितली. पहिल्या नावाला शोभली, तिसऱ्याला कंटाळा आला, दहाव्या नावापर्यंत पान म्हणजे मुलीकडचे सगळे पाहुणे एकदम नटून आल्यासारखं. सगळी काढली.

मधेच थोडं वाचन झालं ते इथे टिपतो. इटॅलिक पहिल्यांदा छापलं गेलं व्हेनिसमध्ये. आल्दुस मानुतियुसच्या छापखान्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफोने ते कोरलं, १५०० मध्ये एका चित्रात दोन-चार शब्दांपुरतं उमटलं, आणि १५०१ मध्ये व्हर्जिलच्या कवितांचं अख्खं पुस्तक त्यात निघालं. छोट्या आकाराचं, हातात धरून वाचण्याजोगं. ज्या सुशिक्षित हस्ताक्षरात तेव्हाचे विद्वान पुस्तकं उतरवून घेत, त्याचं हे धातूतलं रूप. गंमत म्हणजे त्यात मोठी अक्षरं तिरकी नव्हतीच, सरळ उभी होती, लहान चणीची. उभ्या मजकुरात एखादा शब्द वेगळा दाखवायला इटॅलिक वापरायची पद्धत नंतरची. म्हणजे जन्माला आलं स्वतंत्र पुस्तकाचं अक्षर म्हणून, आणि पुढे नोकरी लागली ती दुसऱ्याच्या ओळीत उठून दिसायची. हल्ली वेबसाइटवर सात शब्दांच्या मथळ्यात एकच शब्द डौलदार इटॅलिकमध्ये टाकायची जी साथ आलीय, ती याच नोकरीचा अतिरेक. एकदा चांगलं वाटतं. दहा कंपन्यांनी केलं की दहाही कंपन्या एकच वाटतात.

२६ जुलै

पहिलं पूर्ण प्रूफ मॅडमकडे दिलं होतं. चार दिवसांनी आज परत आलं, एकतीस खुणा. त्यातल्या बावीस माझ्या : सहा ठिकाणी जातीनावाचं पहिलं अक्षर मोठं (साताऱ्याचा एस पुन्हा मोठा झालाय, मला सचिवांचा संशय आहे), नऊ ठिकाणी नाव दोन ओळींत तुटलंय, बाकी किरकोळ. नाव तुटू नये म्हणून मधे न तुटणारी मोकळी जागा घातली. दीपकाडीचं नाव मात्र अख्खं खाली गेलं आणि वरच्या ओळीत भगदाड पडलं. मॅडमनी स्वतःच वाक्यात ‘पांढरट’ शब्द घालून भगदाड बुजवलं. फूल आहेच पांढरट.

९ ऑगस्ट

दुसरं प्रूफ, पाच खुणा. फाईल प्रेसला. पाठवण्याआधी एकदा सेपरेशन तपासलं : निळी, किरमिजी आणि पिवळी प्लेट एकेक बंद करून बघितली, नावं फक्त काळ्या प्लेटवर आहेत ना. एक सापडलं चारी शाईंतलं. वर्डमधून आलेला काळा, जो काळा नसतोच. बदललं.

१४ ऑगस्ट

प्रेसवर. पहिला फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापायच्या पानांचा संच, मशीनवर चढला. बाहेर धो धो पाऊस, काका म्हणाले कागद थोडा ओलावा धरतोय, जरा सावकाश चालवू. पहिले शे-सव्वाशे कागद रंग बसेपर्यंत वाया. मग एक कागद ओढून काकांनी तेरड्याचं पान काढलं आणि न सांगता भिंग माझ्या हातात दिलं. दोन आय, दोन टिंबं.

२२ ऑगस्ट

बाइंडिंगहून गठ्ठे आले. कव्हरवरचं कॉर्मोरंट छान आलंय, हे मान्य करायला हवं. सचिवांनी एक प्रत भाचीसाठी बाजूला काढली.

मॅडमना प्रत नेऊन दिली. आधी त्यांनी वायतुऱ्याचं पान उघडून छोटा एस बघितला, मग लॉई, मग सावकाश बाकीचं. चहा संपेपर्यंत काही बोलल्या नाहीत. जाताना प्रत माझ्यासमोर उघडी धरली, पान ४१. सेज्विकीनंतरचा स्वल्पविराम तिरका राहिलाय.